नोट्सच्या अ‍ॅपला पैसे भरता का? आपापले अनुभव लिहा

इंदूरच्या मंडळींनो (ग्वाल्हेर-बडोदेवाल्यांनाही मनाई नाही), किराण्यापासून ऑफिसच्या मीटिंगपर्यंत सगळं ज्या अ‍ॅपमध्ये कोंबून ठेवलंय त्याचा फुकट कोटा संपलाय, रोज वर पट्टी येते अपग्रेड करा म्हणून. वर्षाचे पैसे भरायचे तर हात अडतो आणि सोडायचं तर हे सगळं न्यायचं कुठे? तुम्ही भरता का, कशासाठी, भरून कोणी बंद केलं का? 'डायरी वापर' म्हणणाऱ्यांनीही लिहा पण कारणासकट.

भंवरकुआंवाली: मध्य प्रदेश पीएससीची तयारी करतेय, वननोट, फुकट. मायक्रोसॉफ्ट अकाउंटबरोबर ५ जीबी मिळते, टाईप केलेल्या नोट्सनी ती भरतच नाही, भरते क्लासच्या फोटोंनी आणि पीडीएफनी, म्हणून त्या वेगळ्या ठेवते. रूममेट टॅबवर पेनने लिहिते, तिने गुडनोट्सचे पैसे भरले कारण तेव्हा फुकटात ३च वह्या मिळायच्या आणि मेन्सचे पेपरच ६ आहेत.

सुदामानगरची काकू: गूगल कीप. एकच यादी, माझ्या आणि सूनबाईच्या फोनवर. ती ऑफिसातून निघाली की मी इथून कोथिंबीर टाकते, तिला तिकडे दिसते. ह्याचे कोणी पैसे मागितले तरी मी द्यायची नाही.

जुनेकागद: मी भरले होते, वर्ष संपल्यावर बंद केले, कारण मराठी. इंदूरच्या जुन्या मराठी संस्थांवर काम करतेय, अहवाल, पत्रं, निमंत्रणपत्रिका, सगळ्याचे फोटो. अ‍ॅप म्हणत होतं फोटोतलं लिखाण शोधता येतं. इंग्रजी बिल टाकलं की झटक्यात सापडायचं, देवनागरी पान टाकलं की ढिम्म. (नाव लिहीत नाही, नंतर सुधारलंही असेल.) त्यात पीडीएफ काढली की जोडाक्षरं फुटायची, 'राष्ट्र'चे तुकडे तुकडे, गाईडना पाठवायची लाज वाटायची. आणि टाईप केलेलं शोधताना इंदूर लिहिलं तर इंदौर, इंदोर येत नाही, हा अ‍ॅपचा दोष नाही म्हणा, आपणच तीन तऱ्हेने लिहितो, मग मी प्रत्येक नोटेला टॅग लावायला लागले आणि टॅग तर फुकट प्लॅनमध्येही होते! म्हणून सांगते, ट्रायलच्या दिवसांत आपलं खरं सामान टाकून बघा, एक छापील मराठी पान, एक हाताने लिहिलेलं, एक लांबलचक टाईप केलेली नोट, आणि सर्चबरोबर एक्स्पोर्टही करून बघा, एक्स्पोर्ट कोणी बघतच नाही.

बॅग_घेऊन_फिरतो: मी भरतो आणि खुशीने. एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) आहे, देवास-उज्जैन-धार चालू असतं, पेट्रोलची बिलं, डॉक्टरांची कार्डं, फोटो काढून टाकली की महिन्याअखेरीस क्लेम भरताना नावाने सापडतात. माझं सगळं इंग्रजीत, म्हणून वरच्या ताईंसारखं झालं नाही. एखादा क्लेम हुकायचा वाचला तरी वर्षाचे पैसे निघाले.

कोडभाऊ: ऑब्सिडियन. सगळ्या नोट्स आपल्याच फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फायली, उद्या अ‍ॅप बंद पडलं तर नोटपॅडमध्ये उघडा. अ‍ॅप फुकट आहे, पैसे लागतात त्यांच्या सिंकचे (म्हणजे नोट्स फोन-लॅपटॉप सगळीकडे एकसारख्या ठेवायचे), वर्षाचे एकदम भरले तर महिन्याला ४ डॉलर पडतात. मी नाही भरत भिया, लॅपटॉप आणि अँड्रॉइड सिंकथिंग नावाच्या फुकट अ‍ॅपने जोडलेत. पण बायकोकडे आयफोन, तिला हा सगळा जुगाड बसवून द्यायचा आणि वर रोज निस्तरायचा त्यापेक्षा ४ डॉलर परवडले, तिचे भरतो.

हिशोबनीस: पैशाचं कोणी बोलूनच नाही राहिलं. फोनवरून अ‍ॅप उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअरमध्ये जाऊन कॅन्सल करावं लागतं, माझ्याकडे दरवर्षी लोक हेच घेऊन येतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑटो-डेबिटच्या २४ तास आधी मेसेज येतो, पण आता १५ हजारांपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही, म्हणजे मेसेज वाचला नाही की गेले पैसे. बिल डॉलरमध्ये असेल तर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परकी चलनाचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी, म्हणून रुपयात भाव दिसत असेल तिथूनच घ्या.

लोकमान्यनगर: डायरी. कारण, चार्ज करावी लागत नाही. तोटा, नातवाने मे महिन्यावर मोटार काढली आहे.

कोडभाऊ: धागाकर्त्या ताई, तुमचं एव्हरनोट असेल तर घाई नका करू. डिसेंबर २०२३ पासून फुकट प्लॅनला ५० नोट्स आणि १ नोटबुक एवढीच मर्यादा आहे, पण त्याहून जास्त असल्या तरी जुन्या बघता, बदलता, बाहेर काढता येतात, फक्त नवी बनत नाही. डेस्कटॉपवरून ईनेक्स फाईल (एव्हरनोटच्या नोट्स बाहेर काढायची फाईल) काढा, जॉपलिन नावाचं नोट्सचं अ‍ॅप ती घेतं, तेही फुकट, सिंक वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर. आधी एकच नोटबुक न्या आणि फोटो नीट आलेत का बघा.

बडोदेकर: जुनेकागद, ती जोडाक्षरं एचटीएमएलमध्ये काढली तरी फुटतात का हो?

जुनेकागद: नाही, माझी नीट आली. ब्राउझरमध्ये उघडून तिथूनच प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ केली, गाईडना तीच पाठवते आता.