मकेबा गिनीत गप्प का बसली?

तिसरी_घंटा:
दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबाचं नाव निघालं की सगळे गहिवरतात, मीपण त्यातलाच, पण एक गोष्ट कधीपासून खटकतेय ती लिहून टाकतो. जुलै १९६३ मध्ये ही बाई युनोच्या वर्णभेदविरोधी समितीसमोर जाऊन आपल्याच दक्षिण आफ्रिकी सरकारच्या विरोधात बोलली. त्या समितीचा अध्यक्ष होता पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचा दियालो तेली. हाच माणूस पुढे आफ्रिकी एकता संघटनेचा पहिला सरचिटणीस झाला आणि १९७७ मध्ये गिनीच्या राजधानीतल्या, कोनाक्रीच्या कँप बोइरो तुरुंगात मेला. मेला म्हणजे अन्नपाणी तोडून मारला, आणि तोही त्याच्याच देशाचा अध्यक्ष सेकू तुरे याच्या राजवटीने. तेव्हा मकेबा कुठे होती? गिनीत, तुरेच्याच आश्रयाला. त्याचं कौतुक करणारं गाणंही गायलेली, वर युनोत गिनीची प्रतिनिधी म्हणूनही जाऊन आलेली. ज्याने तिचं गाऱ्हाणं जगापुढे मांडायला जागा दिली त्याच्याबद्दल मात्र मौन. देश बदलला की कलाकाराने जीभ विमानतळावर जमा करायची असते का? मला तरी हे पचत नाही.

गाठोडं:
घरी बसून हे लिहिणं सोपं आहे हो. १९६० साली आई गेली म्हणून ती अंत्यविधीला निघाली तेव्हा कळलं की पासपोर्टच रद्द झालाय. आईचं तोंडही बघता आलं नाही. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं मारली, त्यात तिचे नातेवाईक होते. युनोतल्या भाषणानंतर नागरिकत्व गेलं, रेकॉर्डवर बंदी आली. इतकी किंमत एकदा मोजलेल्या बाईने परत मोजायलाच हवी होती असं तुम्ही कुठल्या तोंडाने म्हणता?

तिसरी_घंटा:
एकदा मोजली म्हणून पुढचं सगळं माफ? आणि दार एकच होतं असंही नाही. नऊ देशांचे पासपोर्ट होते तिच्याकडे, दहा देशांचं मानद नागरिकत्व. बॅग भरायची आणि निघायचं.

कडेची_खुर्ची:
नऊ पासपोर्ट हा आकडा लोक मिरवायला वापरतात, त्याचा अर्थ उलटा आहे. ज्याच्याकडे आपला स्वतःचा एक असतो त्याला नऊ लागतातच कशाला? हे पासपोर्ट म्हणजे कुठल्यातरी अध्यक्षाची मर्जी, दिली तर दिली. मी स्वतः नाचाच्या ग्रुपबरोबर सहा वर्षं परदेशात काम केलंय, व्हिसा ग्रुपच्या मालकाच्या हातात होता, पहिल्याच महिन्यात दोन मुलींचे पैसे बुडवताना मी बघितलं आणि मी काय केलं तर खाली बसून घुंगरांची दोरी सोडवत राहिले, गाठ नव्हतीच, उगाच. तुलना करत नाहीये, कुठे ती कुठे मी. पण ते मौन मला ओळखीचं वाटतं.

विंगेतून:
अमेरिकेचा मुद्दा राहिलाच. लोकांना वाटतं तिथे तिला खूप स्वातंत्र्य होतं. होतं ना, दक्षिण आफ्रिकेबद्दल बोलायचं! मे १९६२ मध्ये केनेडींच्या वाढदिवसाला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गायली, १९६६ मध्ये गायक हॅरी बेलाफोंतेबरोबर ग्रॅमी घेतलं, पुढच्या वर्षी ‘पाता पाता’ हे गाणं हिट, सगळं छान. १९६८ मध्ये ब्लॅक पॉवर या काळ्यांच्या चळवळीतल्या स्टोकली कारमायकलशी लग्न केलं आणि धडाधड कार्यक्रम रद्द, रेकॉर्डचे करार रद्द. तिने भाषण केलं नव्हतं, लग्न केलं होतं फक्त! म्हणजे लोकशाहीवाल्या यजमानाची ही तऱ्हा, तर तुरेकडून काय अपेक्षा ठेवणार होती?
(अवांतर: तिच्या खोसा भाषेतल्या चटकाऱ्याच्या उच्चारांना तिकडचे लोक ‘गंमतशीर आवाज’ म्हणायचे आणि तिला सांगावं लागायचं की हा आवाज नाही, माझी भाषा आहे. पाहुणीचं कौतुक हे असं असतं.)

तिसरी_घंटा:
विंगेतून, मुद्दा मान्य, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. अमेरिकेने तोंडाला कुलूप लावायला शिकवलं आणि ते तिने गिनीत वापरलं. जानेवारी १९७१ मध्ये कोनाक्रीत माणसांना फासावर चढवून प्रेतं पुलावर लटकवलेली. हे काही गुपचूप तळघरात झालेलं नाही, अख्ख्या शहराने बघितलं. गप्प बसणं मी एकवेळ समजून घेईन. कौतुकाचं गाणं नाही समजून घेणार.

गाठोडं:
गाण्याचं मलाही अवघड जातं, खोटं कशाला बोलू. पण १९५८ मध्ये फ्रान्सच्या दि गॉलला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा तुरे तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी लोकांना हिरो वाटत होता, ती एकटीच भुलली नव्हती.

कडेची_खुर्ची:
आणि तिची शेवटची रात्र विसरू नका. सप्टेंबर २००८ मध्ये इटलीत कास्तेल व्होल्तुर्नोला माफियांनी सहा आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घातल्या. ७६ वर्षांची ही बाई, तब्येत ढासळलेली, ९ नोव्हेंबरला त्याच गावात माफियाविरोधी कार्यक्रमात गायला गेली, ‘पाता पाता’ म्हटलं आणि कोसळली ती गेलीच. कोणी बळजबरी केली नव्हती.

तिसरी_घंटा:
त्याबद्दल सलाम. पण तेव्हा खिशात स्वतःच्या देशाचा पासपोर्ट होता. १९९० मध्ये ती मायदेशी उतरली ती फ्रेंच पासपोर्टवर, पुढे हक्काचं घर मिळालं. घर असलेल्या माणसाचं धाडस वेगळं.

विंगेतून:
अहो मग आम्ही इतका वेळ दुसरं काय सांगतोय!

तिसरी_घंटा:
नाही, थांबा. तेलीलाही घर होतं, त्याच्याच घरात त्याला मारलं. त्याच्या बाजूने कोणी बोलायचं?

गाठोडं:
बोलायला हवं होतं, कोणीतरी. पण तिची लेक बोंगी आणि नातवंडं तिच्याबरोबर गिनीतच राहत होती. १९८५ मध्ये बोंगी गेली, कोनाक्रीतच पुरलंय तिला, आणि त्यानंतरच मकेबा ब्रसेल्सला गेली. तुम्ही म्हणता बॅग भरायची आणि निघायचं. १९७७ मध्ये त्या बॅगेत किती जणांना भरणार होती ती?