अंडर-१३ च्या पोरांना सरांबद्दल काय सांगायचं? सोमवारी प्रॅक्टिस आहे

गोलपोस्टमागचा (डिचोली)

एरवी मी या फुटबॉल फोरमवर धेंपो क्लब भारी की साळगावकर यावर भांडायला येतो, आज वेगळं विचारायचंय.

आमच्या गावात अंडर-१३ आणि अंडर-१५ ला शिकवणारे सर गेल्या मंगळवारी गेले. आत्महत्या. कशी नि कुठे ते लिहीत नाही, कोणी विचारूही नका. मी कोच नाही, माझा मुलगा त्यांच्याकडे चार वर्षं खेळतो आणि मी बॉलमध्ये हवा भरणारा, मॅचला पोरांना पिकअपमधून नेणारा माणूस, त्यामुळे आता सगळे माझ्याकडेच बघतायत.

सर म्हणजे काय ते सांगतो. कापणी झाली की शेतात, पावसात शाळेच्या मागे, स्कूटरच्या पुढ्यात बॉलची जाळी आणि मागे खताची एक गोण. गोणीत जुने बूट. ज्याचे बूट लहान झाले त्याने ते गोणीत टाकायचे आणि आपल्या मापाचे काढून घ्यायचे, कोणी कोणाचे घेतले हे विचारायचं नाही. पोरगं बॉलकडे बघत धावायला लागलं की लांबून एकच ओरडा, "मान वर रे!" कोण उपाशी आलाय हे त्यांना वॉर्म-अपमध्येच कळायचं. आणि त्यांचं स्वतःचं काय चाललंय ते आम्हाला, रोज संध्याकाळी दोन तास बाजूला उभ्या असलेल्या आम्हा बापांना, कोणालाच कळलं नाही. हे मला गिळवत नाहीये.

प्रश्न असा की अर्धे पालक म्हणतात, "हार्ट अटॅक आला म्हणून सांगा, विषय संपवा." पण मोठ्या पोरांच्या मोबाईलवर सगळं येऊन गेलंय, नको ते फोटोसुद्धा. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही सेमीफायनल पेनल्टीवर हरलो होतो. परवा रात्री दिवा मालवल्यावर मुलगा विचारतो, "बाबा, आमी हारले म्हणून?" मी म्हटलं नाही रे, झोप. तो झोपला नाही, मीही नाही. आणि ज्या पोराने ती शेवटची पेनल्टी बाहेर मारली तो घरातून बाहेरच पडत नाही, नीट जेवत नाही असं त्याची आई सांगते.

२७ पोरं आहेत. सोमवारी त्यांच्यासमोर उभा राहून काय बोलू?

लेफ्टबॅक_३ (मडगाव)

वाचून सुन्न झालो. मला सांत्वन जमत नाही, एकच सांगतो. "कालच तर हसत होते" असं तुमच्याकडे आता प्रत्येक जण म्हणत असेल. वेल्सचा कोच गॅरी स्पीड २०११ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, वय ४२, आदल्याच दिवशी टीव्हीवर फुटबॉलच्या कार्यक्रमात बसून नेहमीसारखा बोलत होता. शेजारी बसलेल्यांना कळलं नाही. तुम्हाला टचलाईनवरून कळायला हवं होतं असं स्वतःला सांगत बसू नका.

पेडणेकर७७

मी त्यांना ओळखत नाही पण डिचोलीकडचे म्हणजे खाणीवर ट्रक असणार ना? २०१२ ला खाणी बंद, मग २०१८ ला परत बंद, बँकेचे हप्ते मात्र चालूच. त्यात २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो हे तिन्ही गोव्याचे क्लब आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून बाहेर पडले, फुटबॉलवर घर चालेल ही आशाच संपली. या माणसांना सिस्टमने मारलं, दुसरं काय.

गोलपोस्टमागचा (डिचोली)

@पेडणेकर७७ ट्रक होता, हो. पण इकडे रोज एक नवीन कारण निघतंय. सोमवारी कर्ज, मंगळवारी बायकोशी भांडण, बुधवारी आणखी काय. त्यांची बायको हे सगळं ऐकतेय. कृपा करून इथे नको.

पेडणेकर७७

चुकलो. राग आला म्हणून लिहिलं.

साखळीचा_जुना

हार्ट अटॅक सांगू नका. मी अकरा वर्षांचा असताना माझ्या काकांबद्दल मला तेच सांगितलं होतं. काका म्हणजे आमच्याकडे जवळजवळ बापच, मला पोहायला त्यांनीच शिकवलेलं. दहावीत असताना बसमध्ये एका पोराने भांडणात तोंडावर फेकलं, "तुझ्या काकाने काय केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे." सगळ्या गावाला माहीत आणि मलाच नाही. काका गेल्याचं दुःख तोपर्यंत जुनं झालं होतं, पण घरातल्या प्रत्येकाने पाच वर्षं माझ्याकडे बघून खोटं बोललं हे अजून जात नाही, आज मी चाळिशीत आहे. तुमच्या पोरांना तर आत्ताच माहीत आहे. तुम्ही हार्ट अटॅक म्हणालात तर ती फक्त एवढंच शिकतील की या विषयावर बाबांशी बोलायचं नसतं.

रुमाल_टाकला (पणजी)

माझं मत उलटं आहे. बारा वर्षांच्या मुलांसमोर हा शब्द उच्चारला की तो त्यांच्या डोक्यात बसतो. जे नाही ते का घालायचं?

शाळेतली_ताई (फोंडा)

मी शाळेत समुपदेशक आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

@रुमाल_टाकला ही भीती सगळ्यांना वाटते पण ती खरी नाही. थेट आणि शांतपणे विचारल्याने, बोलल्याने नसलेला विचार मुलाच्या डोक्यात येत नाही, असलाच तर त्याला बाहेर यायला वाट मिळते. धोका कशात आहे तर कशी केली याचं वर्णन करण्यात, तो फोटो फिरवण्यात, आणि "गेले पण अमर झाले" असल्या भाषणात. बारा-चौदाच्या वयात एखाद्या पोराला आधीच वाटत असतं की आपल्याला कोणी विचारत नाही, आणि त्याला दिसतं की मेल्यावर सगळा गाव जमतो, फ्लेक्स लागतो, नावाने कप चालू होतो. म्हणून फ्लेक्स नको आणि स्मृती चषक निदान यंदा तरी नको. सरांची आठवण काढा, भरपूर काढा, पण ती त्यांच्या जगण्याची असू दे, ती बुटांची गोण, तो ओरडा.

बोलायचं काय? थोडकं. "सर गेले. त्यांनी आत्महत्या केली. त्यांचं मन खूप आजारी पडलं होतं किंवा खूप त्रासात होतं, आणि तो त्रास आपल्या कोणाला दिसला नाही. तुमच्यामुळे हे झालेलं नाही. मॅचमुळे झालेलं नाही." हे शेवटचं दोनदा म्हणा. का केलं विचारलं तर "मला माहीत नाही" म्हणा, कारण खरंच नाही, आणि अशा गोष्टीला सहसा एकच कारण नसतं. आणि तुम्हाला रडू आलं तर येऊ दे हो, बाप रडताना बघून पोरं मोडत नाहीत.

घोळक्यात भाषण देऊन पोरांना घरी पाठवू नका, बोलून झालं की खेळू द्या. बरीच पोरं पास करता करताच बोलतात, समोरासमोर बसवलं की गप्प. ग्रुपवरचे फोटो डिलीट करायला सांगा, आधी पालकांना.

आणि तो पेनल्टीवाला. त्याच्यासाठी सोमवारची वाट बघू नका. आजच जा, त्याच्या आईबाबांना सांगून एकट्याशी बोला, आणि सरळ विचारा की तुलाही मरावंसं वाटतं का. हो म्हणाला किंवा नुसता गप्प राहिला तरी त्याला एकटं ठेवू नका आणि डॉक्टरकडे न्या. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जवळ, तिचं नाव काढलं की आपल्याकडे लोक तोंड वाकडं करतात पण करू देत. रात्री-अपरात्री १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारची फुकट सेवा, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा नंबर मोठ्यांसाठीही आहे, तुम्ही झोपत नाही असं वर लिहिलंय ते मी वाचलंय. आणि "पोलीस केस होईल" म्हणून लोक मुलाला लपवून ठेवतात, तसं करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी.

रुमाल_टाकला (पणजी)

ताई, पटलं. माझाही एक तेरा वर्षांचा आहे, म्हणून घाबरून लिहिलं होतं.

वाळपईची_आई

सगळे पोरांचं विचारतायत, त्यांच्या घरी कोणी गेलं का? आमच्या वाड्यावर असंच झालं होतं तेव्हा बाया त्या घरावरून जाताना पदर सारखा करून मान खाली घालून जायच्या, साधा मृत्यू असता तर पेज घेऊन दारात उभ्या असत्या. चवथ पंधरा दिवसांवर आहे, त्यांच्याकडे यंदा गणपती नसणार. दोघी-चौघी जणी जा. काय बोलायचं सुचलं नाही तर काही बोलू नका, नारळ सोलून द्या, भांडी घासा, पण जा आणि सरांचं नाव घ्या. नाव घ्यायला लोक घाबरतात आणि तेच त्या बाईला सगळ्यात जास्त लागतं.

गोलपोस्टमागचा (डिचोली)

सोमवार झाला, सांगायला आलोय.

शनिवारीच त्या पोराकडे गेलो होतो. ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच विचारलं, माझेच हात थरथरत होते. तो म्हणाला मरायचं नाही, पण डोळे मिटले की सर पेनल्टी स्पॉटपाशी उभे दिसतात. आज सकाळी त्याचे आईबाबा त्याला बांबोळीला घेऊन गेले, पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय.

मैदानावर २७ पैकी २२ आले. पाऊस होता. मी पाठ केलेलं अर्धं विसरलो, पण मॅचमुळे नाही हे दोनदा म्हटलं, मग तिसऱ्यांदाही म्हटलं कारण आवाजच फुटला नव्हता. एकाने विचारलं, सरांना दुखलं का? मला माहीत नाही म्हटलं. दुसऱ्याने विचारलं गोण कोणाकडे राहणार. त्यावर पोरांची चांगली पाच मिनिटं भांडणं झाली आणि खरं सांगू, ती भांडणं ऐकून मला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. पेनल्टीवाला संध्याकाळी आला, खेळला नाही, माझ्याबरोबर बॉलमध्ये हवा भरत बसला.

काल बायको आणि आणखी तिघी सरांच्या घरी जाऊन आल्या. वहिनींनी गोण स्वतःच काढून दिली, वरचे दोन जोड धुऊन वाळवून ठेवले होते.

आता अडचण अशी की मला ऑफसाइड सोडून काही शिकवता येत नाही. साखळी, डिचोली, म्हापसा बाजूचा कोणी डी लायसन्सवाला (कोचिंगचं लायसन्स असलेला) असेल तर आठवड्यातून एक दिवस येईल का? पेट्रोलचे पैसे आम्ही पालक देऊ, जास्त नाही देऊ शकणार.

साखळीचा_जुना

लायसन्स नाही पण पंचायतीच्या टीमला आठ वर्षं शिकवलंय. बुधवारी येतो. किती वाजता?

गोलपोस्टमागचा (डिचोली)

साडेचार. पाऊस असला तरी. बूट नसतील तर गोणीत नऊ नंबरचे आहेत.