पुस्तक दुसऱ्याकडून लिहून घेताना लिहिणाऱ्याचं नाव लपवावं का?

फर्मा_सोळा

उद्योजक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी, पुढारी, अशा बऱ्याच जणांची आत्मचरित्रं दुसऱ्याकडून लिहून घेतलेली असतात. त्यात मला वावगं वाटत नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे त्याला लिहिता येतंच असं नाही. पण लिहिणाऱ्याचं नाव कुठेही येणार नाही असा करार करून घेणं मला पटत नाही. मराठीत 'शब्दांकन' म्हणून नाव छापायची पद्धत जुनी आहे. अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मकथन अरुण साधूंनी शब्दांकित केलं, १९७० साली त्याचं पुस्तक झालं. म्हणून ते हंसाबाईंचं राहिलं नाही असं कुणी म्हणत नाही. वाचकाला खरं सांगितल्याने पुस्तकाची किंमत कमी होत नाही. नाव निदान आतल्या पानावर तरी हवंच.

तिसरा_खर्डा

असहमत. नाव हवं की नको हे लिहिणारा आणि लिहून घेणारा मिळून ठरवतील. टेनिसपटू आंद्रे आगासीच्या २००९ च्या आत्मचरित्राचं लेखन जे. आर. मोहरिंगर यांनी केलं. त्यांचं नाव मुखपृष्ठावर यावं अशी खुद्द आगासीची इच्छा होती. मोहरिंगरनीच नको म्हटलं.

शिवाय नाव सोडण्याचा मोबदला मिळतो. नाव नसलेलं काम पुढच्या गिऱ्हाईकाला नमुना म्हणून दाखवता येत नाही. ते नुकसान मानधनात धरायचं असतं आणि जाणते लेखक ते धरतात. स्वखुशीने केलेल्या व्यवहारात तिऱ्हाइताने नैतिकता का आणावी?

उलट_टपाली

मला दोघांचंही पटत नाही. मुळात लिहून घ्यायचंच कशाला? बोला, रेकॉर्ड करा, उतरवून घ्या आणि चांगल्या संपादकाकडे द्या. पुस्तक तुमचं राहतं.

छुप्या लेखनात काय बिघडतं ते उदाहरणाने दाखवतो. सांगणारा म्हणतो, "सावकारानं सकाळीच बैल सोडून नेले. आई दावणीपाशी बसली ती दुपारपर्यंत उठलीच नाही. चूल पेटली नाही त्या दिवशी." लिहिणारा लिहितो, "नियतीच्या या क्रूर घाल्याने आमचे कुटुंब पुरते कोलमडून गेले." दावण गेली, चूल गेली. राहिलं ते कुणाच्याही आत्मचरित्रात चालेल असं वाक्य. ज्याच्या नावावर पुस्तक नाही, त्याला या वाक्याची लाज वाटायचं कारण उरत नाही.

तिसरा_खर्डा

@उलट_टपाली, ते वाक्य वाईट लेखकाचं आहे, छुप्या लेखकाचं नव्हे. मुखपृष्ठावर नाव असलेलेही असंच लिहितात.

आता तुमच्या उपायाचा हिशेब करू. डेमी आकाराचे १३ फर्मे (छपाईचा एक फर्मा सोळा पानांचा) म्हणजे २०८ पानं. पानाला साधारण २६० शब्द धरले तर ५४ हजार शब्द होतात. माणूस तासाला सहा हजारांच्या आसपास शब्द बोलतो, आणि त्यातले एक तृतीयांश कामाला आले तरी पुष्कळ. म्हणजे २५ ते ३० तासांचं रेकॉर्डिंग. एका बैठकीत दीड तासाच्या पुढे जाऊ नये. नंतर माणूस थकतो आणि नेहमीचे ठरलेले किस्से सांगू लागतो. म्हणजे १७ ते २० बैठका. एक तास नीट उतरवायला चार-पाच तास लागतात. यंत्राकडून उतरवून घेतलं तर गावांची नावं, आडनावं आणि बोलीतले शब्द हमखास चुकतात, ते पुन्हा ऐकून दुरुस्त करावे लागतात.

एवढं करून हाती येतो तो ढीग. एकच प्रसंग चार बैठकांत चार तऱ्हांनी आलेला असतो. सालं जुळत नाहीत. आपल्याकडे माणसं सालं मोठ्या घटनांना बांधून लक्षात ठेवतात: पानशेत फुटलं तेव्हा मी मॅट्रिक झालो, कोयनेच्या भूकंपानंतर लग्न झालं. पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७. पण मॅट्रिकचं प्रमाणपत्र १९६३ चं निघतं. मग जमिनीच्या गोष्टीसाठी फेरफाराच्या नोंदी, नोकरीसाठी सेवापुस्तक, बाकीसाठी जुनी पत्रं आणि कात्रणं काढून बसावं लागतं. कुठलं प्रकरण आधी, कुठला प्रसंग गाळायचा, कुठे सांगणाऱ्याला थांबवून "मग तुम्ही काय केलंत?" असं विचारायचं, हे सगळं लेखनच आहे. ते संपादकाच्या मोबदल्यात कुणी करून देत नाही.

समासातली_टीप

नैतिकतेवर भांडण्याआधी कायदा बघा, कारण बहुतेकांचा इथे घोळ होतो. पैसे दिले म्हणजे मजकूर माझा, हा समज चुकीचा आहे. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखक, म्हणजे प्रत्यक्ष लिहिणारा. तो तुमच्याकडे नोकरीला असेल तर गोष्ट वेगळी. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची किंवा व्यक्तिचित्राची मालकी, उलट करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जाते. ती सवलत साहित्यकृतीला नाही.

म्हणून कलम १९ प्रमाणे लेखी हस्तांतरण हवं, लेखकाच्या सहीचं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायला गेलात की हक्क लेखकाकडे परत गेलेले असतात. शिवाय घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो गळतो, उलट अट लिहिलेली नसेल तर. आत्मचरित्राचा खर्डा घरच्यांच्या हरकतींमुळे वर्ष-दीड वर्ष पडून राहणं काही नवीन नाही, तेव्हा ही अट लिहायलाच हवी. अनुवाद, ऑडिओबुक, चित्रपट यांची नावं स्वतंत्र घालावीत. 'सर्व हक्क' एवढ्यावर भागवू नये.

@तिसरा_खर्डा, आता तुमच्यासाठी. कलम ५७ प्रमाणे 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा हक्क कॉपीराइट विकल्यावरही लेखकाकडे राहतो. तेव्हा नाव न देण्याचं कलम वाटतं तितकं भक्कम नाही. गुप्ततेची अट घाला, पण तिच्या भरवशावर फार विसंबू नका.

ओवी_वाचक

ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ चा उल्लेख येतो, तिथेच लेखनिक सच्चिदानंद बाबांचं नाव आदराने घेतलं आहे. एवढ्या जुन्या परंपरेत जे जमलं ते आज जड का व्हावं?

तिसरा_खर्डा

तो दाखला इथे लागू नाही. सच्चिदानंद बाबांनी सांगितलेलं उतरवून घेतलं, रचना ज्ञानेश्वरांची. इथे रचनाच दुसऱ्याची असते.

फर्मा_सोळा

मग माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. नुसतं उतरवून घेणाऱ्याचं नाव येतं, तर रचना करणाऱ्याचं का नको?

@समासातली_टीप यांच्या कलमांत दोन भर घालतो. पहिली, पैशाचे टप्पे. सहीला २५ टक्के, दोन नमुना प्रकरणं मंजूर झाल्यावर २५, पूर्ण खर्ड्याला ३०, अंतिम दुरुस्त्यांनंतर २०. नमुना प्रकरणं महत्त्वाची. सांगणाऱ्याचा आवाज सापडला की नाही ते तिथेच कळतं, आणि नसेल तर दोघांनाही तिथे थांबता यायला हवं. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच ठेवा. फेऱ्या मोजलेल्या नसतील तर सून, जावई, जुने भागीदार सगळे खुणा करतात आणि काम संपत नाही. दुसरी भर, मजकुराची जबाबदारी. हयात माणसांवरचे आरोप सांगणाऱ्याने लेखी मान्य केल्याशिवाय छापू नयेत, आणि बदनामीचा दावा आलाच तर खर्च कोणाचा ते करारात असावं.

तिसरा_खर्डा

टप्पे मान्य. खर्डा दिल्यावर शेवटच्या हप्त्यासाठी खेटे घालावे लागतात, म्हणून तो २० टक्क्यांच्या वर नसावा. आणि मधेच सांगणाऱ्याचं निधन झालं तर वारसांनी काय करायचं, तेही लिहून ठेवावं. ज्येष्ठांच्या बाबतीत हे कलम टाळू नये.

नावाबद्दल मात्र माझं मत तेच आहे. आतल्या पानावर नाव छापणं सक्तीचं केलंत, तर ज्यांना नाव नकोच आहे असे चांगले पत्रकार आणि नोकरदार लेखक हे काम सोडतील. मालकाची परवानगी नसल्याने त्यांना नाव देता येत नाही.

उलट_टपाली

ज्याला मालकाची परवानगी नाही त्याने ते काम घेऊच नये.

@तिसरा_खर्डा, तुमचा हिशेब बरोबर आहे आणि तेवढं काम नुसत्या संपादकाकडून होणार नाही हेही मानतो. मग एक अट घाला: मूळ रेकॉर्डिंग आणि उतरवलेला मजकूर सांगणाऱ्याच्या ताब्यात राहील, आणि दर प्रकरणाच्या खर्ड्याबरोबर त्याचा मूळ बोललेला भाग जोडून द्यायचा. सांगणाऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून वाचता आले, तर दावण कुठे गेली हे तो स्वतःच विचारेल.

समासातली_टीप

ही अट दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. "मी असं बोललोच नव्हतो" असं सांगणारा उद्या म्हणाला, तर लेखकाकडे पुरावा लागतो. म्हणून रेकॉर्डिंगची एक प्रत लेखकाकडेही राहू द्या, पुस्तक आल्यावर तीन वर्षांनी पुसून टाकायच्या अटीवर.