विक्काच्या वाटेवर शिकवणारा हवाच का?

गारवेल (शेफील्ड)

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची साताऱ्याची, नऊ वर्षं इंग्लंडमध्ये. गेली चार वर्षं एकटीने विक्का पाळते, म्हणजे देवी आणि देव मानणारा, ऋतूंच्या चक्राशी जोडलेला एक पाश्चात्य धर्म. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी मांडणी आहे: मिठाची वाटी, पाण्याचा पेला, मेणबत्ती, उदबत्ती आणि काळ्या मुठीची एक सुरी. तिला अथामे म्हणतात. तिने मी साधा दोरासुद्धा कापत नाही. पौर्णिमेला घर झोपलं की तिने वर्तुळ आखायचं, चार दिशांना बोलवायचं, देवीचं आणि तिच्या जोडीच्या देवाचं स्मरण करायचं. सगळं पुस्तकांतून शिकलेलं.

या मार्चमध्ये एका गार्डनेरियन (जेराल्ड गार्डनरच्या परंपरेतल्या) कव्हनशी, म्हणजे एकत्र साधना करणाऱ्या छोट्या गटाशी, ओळख झाली. दोनदा कॅफेत भेटलो, तिसऱ्यांदा त्यांच्या प्रमुख बाईंच्या परसात. बाई सत्तरीच्या. म्हणाल्या, "घरी वर्तुळ आखतेस तसं आखून दाखव." मी नुसत्या हाताने आखलं. झाल्यावर त्या एवढंच बोलल्या, "तू श्वास कोंडून धरतेस. उत्तरेला पोचेपर्यंत तुझे खांदे कानाला टेकतात." दर पौर्णिमेनंतर माझं डोकं दुखायचं, आणि चार वर्षं मी तो साधनेचा परिणाम समजत होते!

त्यांचं म्हणणं असं: आधी दीक्षा न झालेल्यांच्या बाहेरच्या गटात एक वर्ष आणि एक दिवस शिकायचं, मग दोन्ही बाजूंना पटलं तर पहिली दीक्षा. पैसे घेत नाहीत. येताना सगळ्यांसारखं काहीतरी खायला आणायचं.

माझं मत झालंय की ज्याला असा शिकवणारा मिळू शकतो त्याने त्याच्याकडेच जावं. विक्का मुळातच हातातून हातात आली आहे. जेराल्ड गार्डनर मलायात कस्टम्सच्या नोकरीत होता, 1936 मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. न्यू फॉरेस्टमधल्या एका गटाने 1939 मध्ये आपल्याला दीक्षा दिली, असं तो सांगायचा. जादूटोण्याविरुद्धचा 1735 चा कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये त्याने या मार्गाबद्दल उघड पुस्तक लिहिलं. तिथून पुढे एकाने दुसऱ्याला दीक्षा देत ही तीन पायऱ्यांची परंपरा चालत आली. आमच्या शेफील्डमध्येच पॅट्रिशिया क्राउदर यांनी कव्हन चालवलं. त्यांना 1960 मध्ये खुद्द गार्डनरने दीक्षा दिली होती. अशी साखळी दारात असताना पुस्तकाला धरून का बसायचं? ज्यांना हे पटत नाही त्यांचं ऐकायचंय.

माळरान (पुणे)

गारवेल, तुझा आनंद पोचला, पण मत मुळीच पटलं नाही.

कुठली साखळी? ख्रिस्ती धर्माआधीचा जुना धर्म गुपचूप टिकून राहिला, हा अभ्यासक मार्गारेट मरेचा सिद्धांत इतिहासकारांनी केव्हाच बाजूला ठेवलाय. इतिहासकार रोनाल्ड हटनने 1999 मध्ये सविस्तर दाखवलं की विक्का ही विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेली गोष्ट आहे. त्यामुळे माझ्या लेखी तिची किंमत कमी होत नाही. पण मग "दीक्षा घेतलेलाच दीक्षा देऊ शकतो" याला अर्थ काय? पहिल्याला कोणी दिली?

डोरीन व्हॅलियंटचंच बघ. 1953 मध्ये गार्डनरने तिला दीक्षा दिली. त्याच्या विधींच्या ग्रंथातले (बुक ऑफ शॅडोज) कितीतरी उतारे इंग्रज गूढविद्येचा लेखक अ‍ॅलिस्टर क्रोलीचे आहेत हे तिने ओळखलं आणि बराच भाग नव्याने लिहून काढला. आज आपण देवीचं आवाहन म्हणून जे डोळे मिटून ऐकतो ते बरंचसं तिचं गद्य. पुढे 1957 मध्ये कव्हनमधल्या काहींनी गार्डनरला प्रसिद्धीचा सोस आवरायला सांगितलं, तर त्याने "प्राचीन नियम" पुढे केले. त्यांतला एक म्हणतो की प्रमुख पुजारिणीने तरुण बाईसाठी आपली जागा आनंदाने सोडावी. डोरीन तेव्हा 35 वर्षांची होती. नियम नवेच रचलेले आहेत हे तिने ओळखलं आणि ती बाहेर पडली. मूळ गुरूच्या घरचं हे असं आहे.

रेमंड बकलँडने हा मार्ग गार्डनरकडून अमेरिकेत नेला, त्यानेसुद्धा 1973 मध्ये स्वतःची वेगळी शाखा काढली आणि तिथे माणसाला स्वतःच स्वतःला समर्पित होण्याची मुभा दिली. 1988 मध्ये स्कॉट कनिंगहॅमचं एकट्याने साधना करणाऱ्यांसाठीचं पुस्तक आलं. माझ्यासारखे कित्येक त्याच्यावर उभे आहेत. भारतात विक्का म्हटलं की कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांचं नाव निघतं, पण पुण्यात माझ्या रोजच्या जगण्यात शेजारी कोणी नाही. म्हणून मी अर्धवट का?

पडवी (न्यू जर्सी)

माळरान, इतिहास तू बरोबर सांगितलास. निष्कर्ष मात्र उलटा काढलास असं मला वाटतं. डोरीनने ग्रंथ बदलला तो चार वर्षं आत बसून, प्रत्येक ओळ तोंडाने म्हणून, पायाने चालून. आपल्याकडे रागाची चौकट मोडण्याचा हक्क कोणाला मिळतो? ज्याने वर्षानुवर्षं तोच राग गुरूसमोर घोटलाय त्याला.

मी दुसऱ्या पायरीपर्यंत आले आहे, गेली सहा वर्षं शिकवतेही. पहिले तीन महिने मी कोणालाही मंत्रतंत्राचं काही देत नाही. दर आठवड्याला एकाच झाडाखाली अर्धा तास बसायचं आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं. झाड बदलायचं नाही. चंद्र कधी उगवतो हे फोनवर न बघता सांगता आलं पाहिजे. निम्मे लोक इथेच गळतात, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं, न त्यांनी न मी.

दीक्षेनंतर बुक ऑफ शॅडोज हाताने उतरवून घ्यायचं असतं. मी ते माझ्या शिक्षिकेच्या जेवणाच्या टेबलावर उतरवलं, एका हिवाळ्यात, दर रविवारी. त्या समोर बसून वाटाणे सोलायच्या. एकदा मी कंटाळून दोन ओळी एकत्र करून टाकल्या. त्यांनी पानाकडे न बघताच विचारलं, "पेन इतक्यात का थांबलं?" त्यांना तो मजकूर किती वेळ घेतो हे कानाने माहीत होतं. ते पान मी पुन्हा लिहिलं. छापील पुस्तकाला हे कळलं नसतं.

तिन्हीसांज (ठिकाण लिहीत नाही)

मला हे लिहायला दोन दिवस लागले.

मीही शिकवणारी शोधली होती. मिळाली. परदेशातली, व्हिडिओवर शिकवायची. आधी "साहित्याचा खर्च" म्हणून थोडे पैसे, मग प्रत्येक पायरीला रक्कम. आठव्या महिन्यात तिने सांगितलं की तुझ्या नवऱ्याशी या विषयावर बोलायचं नाही, त्याची ऊर्जा तुला खाली खेचते. मी तो नियम पाळला. गुप्ततेची शपथ असतेच, हे मी पुस्तकांत वाचलं होतं, त्यामुळे मला त्यात काही खटकलंच नाही. बहिणीने बँकेचे हिशेब बघितले तेव्हा मी भानावर आले.

पडवीताई, तुमच्या टेबलावरचे वाटाणे वाचून मला रडू आलं, कारण मला हेच हवं होतं. पण नवख्या माणसाला तुमच्यात आणि तिच्यात फरक कसा कळणार? दोघीही "धीर धर, अजून वेळ आलेली नाही" असंच म्हणणार. म्हणून मी माळरानच्या बाजूने. एकट्याने चुकलं तर फार तर डोकं दुखेल.

पडवी (न्यू जर्सी)

तिन्हीसांज, लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझ्याबाबतीत जे झालं ते विक्काच्या आपल्याच रीतीच्या विरुद्ध आहे. आमच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत, अगदी एक डॉलरही नाही. कार्यशाळेला जागेचं भाडं वाटून घेणं वेगळं.

गुप्ततेबद्दलही स्पष्ट सांगते. गुप्त ठेवायचं ते बाकीच्या सभासदांची नावं आणि विधींचे शब्द. तुझ्याशी कोण कसं वागलं हे कधीच गुप्त नसतं. ते नवऱ्याला, बहिणीला, पोलिसांना, कोणालाही सांगता आलं पाहिजे.

आयझॅक बॉनविट्स या अमेरिकन लेखकाने 1979 मध्ये गट धोकादायक आहे का हे तपासायची एक प्रश्नावली केली होती. नेता सभासदांच्या आयुष्यात किती ढवळाढवळ करतो, पैसा किती मागतो, शारीरिक संबंधांवर कोणाची सत्ता, सोडून जाणाऱ्याला कसं वागवतात, अशा मुद्द्यांना गुण द्यायचे. मी माझ्याकडे येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ती देते आणि मलाच गुण द्यायला सांगते.

समुद्रफेस (मेलबर्न)

मला एक वेगळंच सांगायचंय. पुस्तकं इंग्लंडच्या मातीतली आहेत. यूल म्हणजे हिवाळ्यातली सर्वांत मोठी रात्र, पुस्तकात डिसेंबरात. इथे डिसेंबरात अंगाची लाही होते. पहिली दोन वर्षं मी उन्हात घाम गाळत सूर्याच्या पुनर्जन्माच्या मेणबत्त्या लावल्या, आणि काहीच वाटलं नाही. मग इथल्या एका गटात गेले. ते यूल जूनमध्ये करतात आणि वर्तुळही डावीकडून फिरतात, कारण इथे सूर्य उत्तरेकडून जातो. सूर्याबरोबर चालायचं, एवढाच मूळ नियम. लहानपणी प्रदक्षिणेची सवय लागलेली, त्यामुळे पाय उलटे पडायला मला महिने लागले. पण त्या जूनच्या रात्री कुडकुडत मेणबत्ती पेटवली तेव्हा पहिल्यांदा सगळं जागेवर बसलं. शिकवणाऱ्याने मला शब्द नाही दिले, माझी जागा दाखवली.

माळरान (पुणे)

पण समुद्रफेस, हे तर माझ्याच बाजूचं झालं! लॅमास म्हणजे पहिल्या गव्हाचा सण, 1 ऑगस्ट. माझ्या मामाच्या शेतात गहू निघतो फेब्रुवारी-मार्चात, आणि ऑगस्टात पिकं गुडघ्याएवढी असतात. तिथे पहिल्या पिठाची भाकरी देवीला कशी वाहणार? मी तो सण मार्चमध्ये, खळ्यावर नवा गहू आला की करतो. हे मला कोणी कव्हनने शिकवलं नाही, मामाच्या शेताने शिकवलं. इंग्लंडातल्या बाईंनी मला ऑगस्टच सांगितला असता.

समुद्रफेस (मेलबर्न)

कदाचित. किंवा त्यांनी तुला विचारलं असतं, "तुमच्याकडे गहू कधी निघतो?" चांगला शिक्षक हेच विचारतो.

जुना कार्यकर्ता (कोल्हापूर)

मी देव मानत नाही, देवीही नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आयुष्य गेलं. तरी हा विषय वाचत आलो कारण तुम्ही सगळे प्रामाणिकपणे बोलताय.

आपल्याकडे डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. खिडकीत मेणबत्ती लावण्याला तो अडवत नाही. अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना लुबाडणं, छळणं, कोणावर करणीचा शिक्का मारणं, याला अडवतो. तिन्हीसांज, तुमच्या बाबतीतला माणूस इथला असता तर मी तुमच्याबरोबर पोलीस ठाण्यात आलो असतो.

आणि एक विनंती. तुमच्यातले काही जण स्वतःला अभिमानाने चेटकीण म्हणवतात. सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी एका बाईला भेटलो होतो, गावाने तिला डाकीण ठरवून घराबाहेर काढलं होतं. आमच्याशी बोलताना तिची नजर सारखी दाराकडे जात होती. मराठीत हा शब्द उचलताना ती बाई लक्षात असू द्या.

गारवेल, तुमच्या त्या बाईंनी खांद्यांबद्दल सांगितलं ते डोळ्यांना दिसणारं होतं, तपासता येणारं होतं. असा शिक्षक मला चालतो. उद्या त्या म्हणाल्या की तुझ्या घरच्यांची सावली वाईट आहे, तर त्याच पावली परत या.

नवी पालवी (नाशिक)

मी 17 वर्षांची आहे. मला ऑनलाइन एक सर शिकवायला तयार आहेत, पण घरी सांगू नको म्हणतात. काय करू?

पडवी (न्यू जर्सी)

नाही म्हण, आजच, आणि घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला हे दाखव. नीट चाललेली कव्हन 18 च्या आतल्यांना घेत नाहीत. तोवर झाड निवड आणि वही घाल. खरंच सांगते, मी माझ्याकडे येणाऱ्यांनाही पहिलं हेच देते.

जुना कार्यकर्ता (कोल्हापूर)

बाळ, ते संदेश पुसू नकोस, जपून ठेव. घरच्यांना हवी असेल तर मदत करायला आम्ही आहोत.

गारवेल (शेफील्ड)

सगळं दोनदा वाचलं. काका, "डाकीण"बद्दलचं मनाला लागलं. "चेटकीण" हा शब्द मी यापुढे सैलपणे वापरणार नाही.

शिकवणाऱ्याकडे जावं हे माझं मत बदललेलं नाही. पण "ज्याला मिळू शकतो त्याने जावंच" असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. तिन्हीसांजला तो मिळालाच होता. आणि माळरान, मार्चमधला तुझा गहू मला अर्धवट वाटत नाही.

काल रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, परसातलं खांद्याचंसुद्धा. तो म्हणाला, "हे तर मीही सांगू शकलो असतो, तू कधी बघू दिलं नाहीस." मग त्याच्या समोर बसून कव्हनला पत्र लिहिलं. तीन गोष्टी विचारल्या आहेत: तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांना मी भेटू शकते का, गेल्या काही वर्षांत जे सोडून गेले त्यांच्यापैकी कोणाशी बोलू शकते का, आणि शिकताना जे घडेल ते नवऱ्याला सांगितलं तर चालेल का. आज सकाळी ऑफिसला जाताना पेटीत टाकलं.

माळरान (पुणे)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय येतं ते इथे नक्की लिही. मी त्याचीच वाट बघतोय.