मॅनेजर हाकलला की टीम सुधारते का? (बेसबॉलवाल्यांनो या, बाकीच्यांनीही या)

फिलीकर

परवा जेवताना भाच्याशी वाजलं. त्याचं म्हणणं असं की सीझनच्या मध्यात मॅनेजर काढणं म्हणजे निव्वळ देखावा, मालकाला काहीतरी केलं असं दाखवायचं असतं बस. मी म्हटलं बाबा रे, मी डोळ्यांनी बघितलंय.

२०२२ आठवा. आमची फिलाडेल्फिया फिलीज २२ जिंकलेल्या, २९ हरलेल्या. पैसा पाण्यासारखा ओतलेला, हार्पर, श्वार्बर, कास्टेयानोस सगळे टीममध्ये आणि तरी खेळ असा की मॅच लावायची इच्छाच होऊ नये. ३ जूनला, शुक्रवारी, मॅनेजर जो जिरार्डीला नारळ दिला आणि त्याचाच हाताखालचा रॉब थॉमसन हंगामी म्हणून बसवला. त्याच रात्री एंजल्सला १०-० धुतलं. थॉमसनने पहिल्या आठही मॅच जिंकल्या!

त्यातल्या रविवारच्या मॅचला मी बायकोबरोबर स्टेडियमवर होतो. नऊपैकी आठव्या इनिंगला २-६ ने मागे. बायको म्हणाली चल निघू, पार्किंगला गर्दी होईल, आणि हार्परने ग्रँड स्लॅम मारला, एका फटक्यात चार रन, सहा-सहा. मग नवव्यात परत एक रन मागे पडलो आणि स्टॉट नावाच्या नवख्या पोराने तीन रनांचा होमरन (आपला सिक्सच म्हणा) मारून मॅच संपवली. एका अनोळखी आजोबांनी मला अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला, तो अजून ड्रॉवरमध्ये आहे.

थॉमसनच्या हाताखाली ६५ जिंकल्या, ४६ हरल्या, आणि टीम थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे फायनलला. तीच पोरं, तेच मैदान, बदललं काय? एक माणूस. बोला आता.

आकडेमोड्या

मामा, मीच तो भाचा. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणल्याबद्दल आभार.

आता तू जी गोष्ट अर्धीच सांगितलीस ती पूर्ण करतो. तुमच्यासमोर त्या तीन दिवसांत कोण होतं? एंजल्स. ते तेव्हा हरण्याच्या माळेत होते, तुमच्याकडून तीन मार खाऊन घरी गेले, लागोपाठ १२ हरल्यावर ७ जूनला त्यांनीही मॅनेजर काढला, आणि तोही कोण तर जो मॅडन, ज्याने शिकागो कब्जला १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकून दिलेली. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच सिरीजमधल्या दोन्ही डगआऊटमधले (डगआऊट म्हणजे मैदानाकडेची टीमची बसायची जागा) मॅनेजर गेले. प्रयोगशाळेत सुद्धा इतका छान प्रयोग जमत नाही. तुमचं झालं ६५-४६. एंजल्सचं फिल नेविनच्या हाताखाली ४६-६०, आणि हे ओतानी आणि ट्राउट असे दोन बडे स्टार टीममध्ये असताना. मग औषध एकच ना? एका पेशंटला लागू पडलं, दुसरा आणखी खंगला.

खरं सांगायचं तर मॅनेजर काढतात कधी? टीम तळाला गेली की. तळाला गेलेली बरी टीम आपोआप थोडी वर येतेच कारण इतकं वाईट नशीब सीझनच्या १६२ मॅच टिकत नाही. ताप १०३ असताना डॉक्टर बदलायचा आणि उतरला की नवीन डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणायचं, तसलं हे. शिवाय जून महिना आणि श्वार्बर हे समीकरण फिलीकरांना मी शिकवायला नको, त्या जूनमध्ये त्याने १२ होमरन मारलेत.

पुणेरी_बाकरवडी

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, रात्री झोप येत नव्हती म्हणून आले इथे. पण हा मॅनेजर नक्की करतो काय? बॅट तर हातात धरत नाही. आणि साठी-सत्तरीची माणसं खेळाडूंसारखा ड्रेस घालून का बसतात?

जर्सीकाका

ड्रेसचं सांगतो. पूर्वी बरेचदा टीममधलाच एखादा सीनियर खेळाडू मॅनेजर असायचा, तेव्हापासूनची पद्धत राहिली. सगळेच घालायचे असं नाही हं. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा कॉनी मॅक सूट-टाय घालून बसायचा, तोही ५० वर्षं, १९०१ ते १९५०. कारकिर्दीत ३,९४८ मॅच हरला, आजही तो विक्रम त्याच्याच नावावर, आणि कोणी काढला नाही कारण टीमचा मालकही तोच. असं नशीब पाहिजे.

काम म्हणशील तर कोण खेळणार आणि कोणत्या नंबरला बॅटिंग करणार ते ठरवणं, आणि मुख्य म्हणजे पिचर (बॉल टाकणारा, आपला बोलर) दमला कधी हे ओळखणं. मॅनेजर डगआऊटमधून निघतो, रमतगमत मध्यापर्यंत चालत जातो, बॉल मागून घेतो आणि आपल्या हाताकडे बोट दाखवतो, म्हणजे डावखुरा पाठवा की उजवा. पूर्वी एकेका बॅटरसाठी वेगळा पिचर आणायचे, २०२० पासून नियम आला की नवीन पिचरने किमान तीन बॅटर तरी खेळवायचे किंवा इनिंग संपवायची. त्यामुळे चूक केली की आता ती निस्तरत बसावं लागतं.

आता मूळ मुद्दा. मी १९७६ ला न्यूजर्सीला आलो, क्रिकेट कुठे दिसेना म्हणून न्यूयॉर्कची टीम यांकीज बघायला लागलो, म्हणजे दुधाची तहान ताकावर नाही तर कशावर भागवली कोण जाणे. १९७८ चा उन्हाळा. १९ जुलैला आम्ही बॉस्टनच्या १४ मॅच मागे. मॅनेजर बिली मार्टिन म्हणजे जमदग्नीच, खेळाडूंशी भांडण, मालक स्टाइनब्रेनरशी भांडण, पेपरात रोज तमाशा. २४ जुलैला रडत रडत राजीनामा दिला. त्याच्या जागी बॉब लेमन आला, ज्याला त्याच सीझनमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने नुकतंच काढलं होतं! तिकडचा नापास मास्तर इकडे ४८-२० करून गेला. बॉस्टनशी बरोबरी झाली, २ ऑक्टोबरला एकाच मॅचवर निकाल, आणि बकी डेंट, ज्याच्याकडून होमरनची अपेक्षा त्याच्या आईनेही केली नसती, त्याने बॉस्टनच्या फेनवे मैदानाच्या हिरव्या भिंतीवरून बॉल टाकला. पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकलो.

लेमनने केलं काय? काहीच नाही. आरडाओरडा बंद. पोरांना खेळू दिलं.

आकडेमोड्या

काका, तुमचा अनुभव माझ्या वयापेक्षा मोठा त्यामुळे भीत भीत लिहितो. पण त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमधल्या मोठ्या पेपरांचा संप सुरू झालेला, तो नोव्हेंबरपर्यंत चालला. तमाशा छापायलाच कोणी नव्हतं. शांततेचं श्रेय लेमनला द्यायचं की छापखान्याच्या कामगारांना? आणि तुम्हीच म्हणता हाच लेमन शिकागोत काढला गेला. मग तो महिन्याभरात हुशार झाला का?

जर्सीकाका

संपाचं बरोबर आहे, आम्ही तेव्हा रेडिओ लावून बसायचो. पण बाळा, मुद्दा हुशारीचा नाहीच. ज्या घरात रोज भांडी आपटतात तिथे शांत माणूस लागतो, ज्या घरात सगळे झोपलेत तिथे भांडी आपटणारा. मार्टिन वाईट मॅनेजर होता का? १९७७ ला त्यानेच जिंकून दिलं होतं. स्टाइनब्रेनरने त्याला एकूण पाच वेळा नेमला. पाच!

मैलभर_उंच

डेन्व्हरहून. तुम्ही लोक वर्ल्ड सिरीजबद्दल बोलताय आणि मी इथे कोलोराडो रॉकीजचा फॅन, म्हणजे उपास करणाऱ्यासमोर पुरणपोळी.

१० मे २०२५, शनिवार. सॅन डिएगोने आम्हाला आमच्याच घरी २१-० ने हरवलं. हो, एकवीस-शून्य. मी वरच्या मजल्यावर त्या जांभळ्या खुर्च्यांच्या रांगेजवळ होतो (समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंची दाखवायला ती रांग जांभळी ठेवलीये), आणि सहाव्या इनिंगनंतर लोक मॅच सोडून सूर्यास्ताचे फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी मदर्स डे, आम्ही ९-३ ने जिंकलो, आणि जिंकल्यावर बड ब्लॅकला काढलं. हरल्यावर नाही, जिंकल्यावर. तेव्हा ७-३३.

मग वॉरन शेफर आला. भला माणूस. ३६-८६. एकूण ४३-११९. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पिचिंग नाही, आणि त्यात या उंचीवर हवा विरळ, बॉल नीट वळत नाही आणि मारला की लांब जातो. त्याला मॅनेजर काय करणार, फुंकर घालणार?

पण प्रामाणिकपणे हेही सांगतो, याच रॉकीजने २००९ ला १८-२८ असताना क्लिंट हर्डलला काढून जिम ट्रेसीला आणलं आणि ७४-४२ करून प्लेऑफ गाठली. फरक? तेव्हा टुलोविट्झकी, हेल्टनसारखे खेळाडू होते. बस.

फिलीकर

बघा! फिलीज २०२२, रॉकीज २००९, यांकीज १९७८. आणि २००३ चे फ्लोरिडा मार्लिन्स विसरलात का? १६-२२ असताना टॉरबर्गला काढलं आणि ७२ वर्षांचे जॅक मकीन, निवृत्त होऊन नातवंडांत रमलेले आजोबा, त्यांना बोलावलं. ७५-४९ आणि वर्ल्ड सिरीज. पुन्हा पुन्हा योगायोग होत नसतात रे.

आकडेमोड्या

मामा, जिंकलेल्या लॉटऱ्या मोजून लॉटरी फायद्याची ठरत नाही. मार्लिन्समध्ये डॉन्ट्रेल विलिस हा पिचर मॅनेजर बदलायच्या एक-दोन दिवस आधी आला होता, आणि जूनमध्ये आला २० वर्षांचा मिगेल काब्रेरा. आला काब्रेरा तर मला पण मॅनेजर करा.

आता हरलेली तिकिटं बघ. १९८८, बॉल्टिमोर ओरिओल्स. पहिल्या सहा मॅच हरले म्हणून कॅल रिपकन सीनियरला काढलं. फक्त सहा! आणि त्याची दोन मुलं, कॅल ज्युनियर आणि बिली, दोघंही त्याच टीममध्ये. बापाला काढलं आणि संध्याकाळी पोरांनी खेळायचं. फ्रँक रॉबिन्सन आला, एवढा महान खेळाडू, आणि टीम आणखी १५ हरली. ०-२१. वर्षाअखेर ५४-१०७. २०२४ व्हाइट सॉक्स, २८-८९ वर ग्रिफोलला काढलं, पुढचा १३-३२, एकूण १२१ हार.

आणि माझं सगळ्यात आवडतं. २०१९, वॉशिंग्टन नॅशनल्स, मे महिन्यात १९-३१. सगळं शहर म्हणतंय डेव्ह मार्टिनेझला काढा. नाही काढला. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकले. काढला असता ना, तर आज तू त्या नवीन माणसाचं नाव मला या यादीत सुनावलं असतंस.

पावसाळी_सिअ‍ॅटल

आकडेमोड्या, नॅशनल्सने मॅनेजर ठेवला पण मेच्या सुरुवातीला पिचिंग कोच बदलला होता, ते सोयीस्कर गाळलंत. आणि तोच मार्टिनेझ जुलै २०२५ मध्ये गेलाच, या वेळी जनरल मॅनेजर माइक रिझोसकट. निदान तिथे टीम बांधणाऱ्यालाही धरलं, नाहीतर एरवी चुकीची माणसं विकत घेणारा वर खुर्चीत आणि शिव्या खाणारा खाली डगआऊटमध्ये. २६ खेळाडू एकदम काढता येत नाहीत, मग उरतो कोण? आमच्या ऑफिसातही एकदा असंच, आराखडाच चुकलेला आणि गेली बिचारी टीम लीड.

पण मी फिलीकरांच्या बाजूने आहे, थोडी. २०२४ च्या आमच्या सिअ‍ॅटल मरिनर्सकडे १८ जूनला १० मॅचची आघाडी होती. उधळली. आमचे पिचर देवमाणसं, बॅटर मात्र हवा खायला आलेले. २२ ऑगस्टला ६४-६४ असताना मॅनेजर सर्वाइसला काढलं (त्याला आपण गेलो हे बातमीतून कळलं, काय ही रीत), डॅन विल्सन आला, २१-१३ आणि प्लेऑफ हुकली ती एका मॅचने. एका! महिनाभर आधी शहाणपण सुचलं असतं तर? मी ते शेवटचे दिवस कामावर असताना फोन टेबलाखाली धरून स्कोअर बघत काढलेत. आणि पुढच्या वर्षी त्याच विल्सनबरोबर डिव्हिजन (आमचा गट) जिंकली.

आकडेमोड्या

पुढच्या वर्षी तुमच्या कॅल रॅलीने ६० होमरन मारले हो. कॅचर (आपला विकेटकीपर) असून. पिचिंग कोचचा मुद्दा मान्य, विसरलो होतो.

पुणेरी_बाकरवडी

वाचून मजा आली. मला आपलं २०१३ चं मुंबई इंडियन्स आठवलं, पाँटिंग स्वतःच बाजूला झाला, रोहितला कॅप्टन केलं आणि पहिली आयपीएल आली. पण मग २०२२ ला चेन्नईत जडेजाकडून परत धोनीकडे दिली कॅप्टन्सी आणि तरी नववेच आले. धोनी होता तो, साधासुधा माणूस नाही!

मैलभर_उंच

बाकरवडीताई, दोन वाक्यांत धागा संपवलात की.

फिलीकर

संपला कुठे. पाँटिंगच्या रन होत नव्हत्या, तो बसला म्हणून एक जागा मोकळी झाली, हाच तर मुद्दा. थॉमसनने तेच केलं. स्टॉट, बोम यांना रोज खेळवलं, आज चुकलास तरी उद्या तूच खेळणार हे त्यांना माहीत होतं. माझं एवढंच म्हणणं की पोरगं घाबरून बॅट फिरवतंय की मोकळेपणी, हे आकड्यात दिसत नाही पण मैदानावर बसलं की दिसतं. मी होतो तिथे. स्टॉटचा चेहरा बघितलाय मी.

आकडेमोड्या

रोज खेळवल्याचा फरक पडतो हे मानतो, पाच-सहा मॅचचा. आणि तिथे होतास यावरून, मी आत्ताच मामीला फोन केला. ती म्हणते हार्परचा होमरन तुम्ही पायऱ्यांवरून बघितलात, आणि स्टॉटचा झाला तेव्हा गाडीत होतात, रेडिओवर ऐकलात.

फिलीकर

खिडक्या उघड्या होत्या. स्टेडियमचा आवाज स्पष्ट येत होता. आणि ते आजोबा पार्किंगमधलेच, शेजारच्या गाडीतले.

पावसाळी_सिअ‍ॅटल

चष्मा तरी खरा आहे ना?