जुन्या एटीव्हीच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळते

प्रश्न: माझी जुनी एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालवायची गाडी) बंद असताना पेट्रोलचा कॉक उघडा राहिला, की कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून थेंब थेंब पेट्रोल गळते. दोष कुठे शोधावा?

उत्तर: ओव्हरफ्लो नळीतूनच गळत असेल, तर बहुधा नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) नीट बसत नसल्यामुळे फ्लोट चेंबरमधील (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते त्या कप्प्यातील) पेट्रोलची पातळी वाढत आहे. सुईच्या रबरी टोकावर झिजेची गोल खाच दिसली, तर सुई बदलावीच; सीटमधला, म्हणजे सुई बसते त्या जागेतला, कचरा मात्र तारेने खरवडू नये.

दुसरे उत्तर: फ्लोट (पेट्रोलवर तरंगून सुई बंद करणारा भाग) पोकळ असल्यास हलवून पाहावा, आत पेट्रोल खळखळले, तर त्याला चीर गेली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जादा पेट्रोल इंजिनातही उतरू शकते, म्हणून इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असल्यास ते बदलल्याशिवाय इंजिन कृपया सुरू करू नका.

प्रश्नकर्ता: सुईवर खाच स्पष्ट दिसली. ऑइलला वास नाही. नवी सुई बसवल्यावर गळती थांबली, आभारी आहे.