मदत हवी आहे: बॅलेत पावलं चोख, पण स्टेजवर नजर खाली पडते

गोंदियाकडच्या खेड्यातल्या शाळेचं गॅदरिंग. तेरा वर्षांची मुलगी, बॅलेचा दोन मिनिटांचा तुकडा. बूट मऊ कॅनव्हासचे, पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक बूट) नाहीत. स्टेज म्हणजे आठ तख्तपोस जोडून वर ताणून ठोकलेली सतरंजी. समोर दोन हॅलोजन, त्यामागे वावरातला काळोख.

पावलं चुकत नाहीत, तरी ती स्टेज भरत नाही. व्हिडिओत कारण दिसतं: आराबेस्कला (एका पायावर तोल, दुसरा मागे सरळ ताणलेला) मागचा पाय उचलला की डोळे तख्तपोसांच्या सांध्यावर जातात, मान पडते, छाती मिटते. हनुवटी वर करायला लावली तर मानच ताठली. पावलाआधीच्या मात्रेला श्वास घ्यायला सांगितल्यावर मात्र हात सुरेख उघडले. एपोलमाँ, म्हणजे खांद्यांचा तिरकस कल, तोही जमतो. ('हसत राहा' हा सल्ला कृपया नको.)

पिरुएतमध्ये, म्हणजे एका पायावरच्या गिरकीत, डोकं सगळ्यात शेवटी वळून सगळ्यात आधी परत यायला हवं, पण हॅलोजनच्या झोतात नजर रोखायला खूणच सापडत नाही आणि गिरकी कलते. प्रेक्षकांमागच्या बांबूला तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लाल दिवा बांधला तर चालेल का? आणि आराबेस्कमध्ये नजर पुढच्या हाताच्या बोटांपलीकडे न्यायची की थेट शेवटच्या रांगेवर?